पश्चिम भिंतीची मोहीम आणि एका पत्र्याचा तह

श्री गजानन समर्थ. मालवण प्रांती, समुद्र उशाशी घेऊन निजणाऱ्या मौजे कांदळवाडी येथे तांडेलांचे घरी पश्चिम भिंतीस नवे कवच चढविण्याची जी थोर मोहीम जाहली, तिचे वर्तमान लोकांचे तोंडी पडोन रोज नवे रूप घेऊ लागले, सबब खरी हकिकत कागदावर यावी म्हणोन हे लिहिले असे. लिहिणार शेजारचे गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसोन सर्व डोळां पाहत होता. संपूर्ण मोहिमेत त्यास उभयपक्षांकडून एक कप चहादेखील कोणी विचारला नाही, तथापि त्याचा राग लेखणीत उतरू दिलेला नाही. उतरला असल्यास वाचणारांनी सोसावा.

घर चिऱ्याचे, कौलारू, दक्षिणोत्तर लांब. दक्षिणेकडील अर्धे राजश्री बाबली तांडेल यांजकडे आणि उत्तरेकडील अर्धे त्यांचे धाकटे बंधू राजश्री लवू यांजकडे. बाबली यांणी उमर दर्यावर घालविली. उंच, रुंद, आणि हात एवढे लांब की आपले ओट्यावर बसोन भावाचे ओट्यावरचा तंबाखूचा डबा उचलावा. लवू मुंबईस कचेरीत चाकरी करोन निवृत्त होऊन आलेले, अंगाने ठेंगणे, भाषेने शुद्ध, आणि रागावले की शुद्ध भाषा विसरणारे. उभयतांच्या चुली वेगळ्या, नळ वेगळे, विजेचे मीटर वेगळे, तुळशीदेखील वेगळ्या. गणपती मात्र एक. मूळ घर एक तर गणपती एक, हा आमचे मुलखीचा रिवाज, तो मोडण्याची छाती दोघांसही नव्हती. आणि तो गणपती सामाईक माजघरी, पश्चिम भिंतीस पाठ लावोन, दोघां भावांचे हद्दीवर बरोबर मध्ये बसत असे.

आता गनिमाचे वर्णन. गनीम म्हणजे पाऊस. सरळ पडतो तो कौलांवर जातो, त्याची कोणास दहशत नाही. परंतु समुद्रावरून वारा घेऊन जो आडवा येतो, ती झड पश्चिम भिंतीवर चालोन जाते, आणि चिरा पाणी पितो, आणि प्यालेले सावकाश घरात सोडतो. पूर्वी वैशाखात माडाच्या चुडतांचे झाप विणोन भिंतीस बांधीत, ते दरसाल नवे करावे लागत. मग विणणारे हात म्हातारे जाहले आणि साधे पत्रे आले, ते खाऱ्या हवेने चाळणीसारखे केले. मग निळे प्लास्टिक आले, ते रात्रभर फडफडोन अवघ्या वाडीची झोप खाई, आणि गेले साली एका वादळात ते उडोन जे गेले ते कोणाचे माडावर बसले त्याचा तपास अद्याप नाही. मग भिंत उघडी पडली.

या भिंतीचे खरे दुःख एकाच जीवास होते, तो जीव म्हणजे मातुश्री यशोदाबाई, बाबली यांचे कुटुंब. चतुर्थीपूर्वी गणपतीचे पाठीमागली भिंत चित्रांनी रंगवावी हीही आमचेकडील रीत, आणि यशोदाबाईंचा हात त्या कामी असा की चार वाड्यांतून बायका पाहावयास येत. परंतु भिंतीस ओल. श्रावणात काढलेले चित्र गणपती जाईपर्यंत तग धरीना; रंग फुगे, पोपडे सुटत. गेले साली त्यांणी मोर काढिला, तो इतका देखणा की गणपतीकडे पाहण्याआधी लोक त्याजकडे पाहत, आणि दुसरे दिवशी भर आरतीत मोराची मान गळोन मोदकांचे ताटात पडली. पोरे हसली, आणि थोरही हसले. यशोदाबाई मागून चुलीपाशी बसोन पदर तोंडास लावोन रडल्या, हे या लेखकाने खिडकीतून पाहिले आहे. मग त्यांणी माघात घरधन्यांस एवढेच कळविले की यंदा दागिना नको, लुगडे नको, भिंत सुकी पाहिजे.

त्याजवरून फाल्गुनात ओट्यावर खलबतास बसले. प्रथम बाबली यांचे चिरंजीव निकेत, जे मुंबईस असतात, यांचा मोबाइलवरून मजकूर आला की सांप्रत काळी लाकडासारख्या दिसणाऱ्या, परंतु लाकूड नसलेल्या पट्ट्या मिळतात, त्या लावाव्या, म्हणजे घर परदेशातल्यासारखे दिसेल. आणि त्यांणी पाठोपाठ वीस चित्रे पाठविली. खजिना पाठविला नाही. लाकूड नसलेले लाकूड समुद्राकडील बाजूस कोणी पाहावे, वाळूतल्या कुर्ल्या-खेकड्यांनी की काय, ऐसा सवाल बाबली यांणी केला आणि ती मसलत तेथेच बुडाली. मग लवू यांणी शुद्ध भाषेत प्रस्ताव मांडिला की पाहुणे पूर्वेकडून, रस्त्याने येतात, तेव्हा प्रथम पूर्वेची भिंत सजवावी, पश्चिमेचे पुढे पाहू. पूर्वेस पाऊस लागत नाही ही गोष्ट खरी, परंतु इभ्रत त्याच बाजूने दिसते. हा प्रस्ताव ऐकोन यशोदाबाईंनी आतून तांब्या असा आदळला की तो प्रस्ताव पुन्हा निघाला नाही. शेवटी ठरले की रंगीत, गंज न धरणारे पत्रे उभे लावावे.

मग कुडाळाहून पत्र्यांचे व्यापारी राजश्री गुरुदास यांस पाचारण जाहले. ते मोटारसायकलीवरून आले, चहा प्याले, आंबोळी खाल्ली, भिंतीकडे बोट न लावता दुरून पाहिले आणि अंदाज सांगितला. त्यात पत्रे, पत्रे धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, खाऱ्या हवेस टिकणारे स्क्रू, टेम्पोचे भाडे, कारागिरांची मजुरी, आणि वरखर्च म्हणोन एक रक्कम, जिचा अर्थ त्यांणी कोणास सांगितला नाही. मग खर्चास कात्री लावण्याचे घनघोर युद्ध जाहले. लवू म्हणत स्क्रू साधे घ्या, बाबली म्हणत स्क्रू साधे घेतले तर पत्रे पुन्हा उडोन जातील आणि या खेपेस तुझ्याच डोईवर बसतील. बाबली म्हणत टेम्पो नको, आपण होडीतून आणू; गुरुदास म्हणत कुडाळास समुद्र नाही. ऐसे तीन प्रहर चालले, आणि दोघां भावांचे एका गोष्टीवरही एकमत होईना.

अखेर एका गोष्टीवर जाहले, आणि तीच पुढे घाताची ठरली. अंदाजात एक बारीक कलम होते, की भिंत मापण्यास गुरुदासांचा माणूस येईल आणि त्याची मापणावळ पडेल. ते ऐकोन दोघेही बंधू एकदम हसले. आमची भिंत, आमचे घर, आणि मापावयास कुडाळचा माणूस! ते कलम तत्क्षणी छाटले गेले, आणि दोघांनी एकमेकांकडे प्रेमाने पाहिले, जे अनेक वर्षांत घडले नव्हते. गुरुदासांनी खांदे उडवून मोटारसायकल चालू केली.

मग मापणीचा दिवस. लवू टेप घेऊन उतरले. बाबली यांणी टेप हाती घेऊन पाहिली, आणि तिचे टोकाची पट्टी तुटलेली पाहोन तिजवर अविश्वास जाहीर केला. "ह्या टेपीचो माका भरोसो नाय. ह्या हातान जाळी मापली, दोर मापले, आता बापाची भिंत मापूक मुंबैची टेप कित्याक होयी?" ऐसे म्हणोन त्यांणी हुकूम काढिला की बापजाद्यांचे रीतीने वावांनी मापावे. वाव म्हणजे दोन्ही हात फाकवून या बोटापासून त्या बोटापर्यंतचे अंतर. दर्यावर्दी लोक दोर त्याच मापाने मोजतात आणि व्यवहारात वाव सहा फुटांचा धरतात. लवू यांस टेप खिशात घालून गुपचूप मापता आले असते. परंतु मुंबईस राहून हा वाव विसरला, असे वाडीने म्हणू नये, म्हणोन तेही ईर्षेस पेटले. ठरले की आपापले अर्धे आपापल्या वावांनी मापावे आणि आपापले पत्रे आपापल्या पैशांनी आणवावे.

मग बाबली दक्षिणेचे कोपऱ्यापासून भिंतीस छाती लावून हात फाकवीत निघाले आणि मध्यावर, म्हणजे गणपतीचे पाठीशी, चार वावांत पोचले. लवू उत्तरेचे कोपऱ्यापासून तैसेच निघाले आणि त्याच मध्यावर पाच वावांत पोचले. दोन्ही अर्धी सारखी आहेत हे बापाने घर बांधते वेळीच दोरी धरोन ठरविले होते, आणि वाडीतील कुत्र्यांसही ठाऊक होते. तरी बाबली यांणी मनी आणिले की लवूस मोजता येत नाही, आणि लवू यांणी मनी आणिले की दादाने खर्च वाचवावयास एक वाव चोरला. आणि एकाचे हात लांब, दुसऱ्याचे आखूड, हे दोघांचेही मनी आले नाही, आणि दोघांनी एकमेकांस काहीच विचारले नाही. दोघांनी वेगवेगळे फोन करोन गुरुदासांस आपापले वाव कळविले. गुरुदासांनी प्रत्येक वावाचे सहा फूट धरिले. त्यांस शंका आली होती, परंतु मापणावळ छाटली गेल्याचे स्मरोन त्यांणी ती शंका गिळली.

वैशाखात टेम्पो आला. निळे पत्रे उन्हात असे झळकले की समुद्रही क्षणभर फिका वाटला. कारागिरांनी दोन्ही कोपऱ्यांतून मोर्चे लाविले आणि मध्याकडे चाल केली. लवू यांचे पत्रे मध्यावर पोचले आणि वर एक सबंध पत्रा शिल्लक राहिला. बाबली यांचे पत्रे मध्यापूर्वीच संपले. जोत्यापासून वळचणीपर्यंत, दोन फूट रुंद, भिंतीचा एक उघडा पट्टा उरला, आणि तो कोठे उरावा, तर नेमका गणपतीचे पाठीस. कारागीर खाली उतरोन विड्या ओढू लागले. बाबली यांणी त्या फटीकडे बराच वेळ पाहोन निवाडा दिला, "माझ्या मापात चूक नाय. ओल खावन भिंत फुगली."

आणखी एक पत्रा आणवावा, तर गुरुदासांनी कळविले की तो निळा रंग संपला, नवा माल चतुर्थीनंतर येईल. आणि लवूंकडे शिल्लक पत्रा आहे तो मागावा, तर मागणे म्हणजे माप चुकल्याची कबुली, ती बाबली देईनात. लवू न मागता देतील, तर त्यांस दादाकडून मागवून घेण्याचा मान हवा होता. दोन दिवस तो पत्रा अंगणात उभा होता. तिसरे दिवशी लवू यांणी तो आपले कुटुंब किशोरीबाई यांचे कोंबड्यांचे खुराड्यास लावोन टाकिला. यशोदाबाई स्वतः कुंपणापाशी गेल्या आणि भावोजी, तेवढो पत्रो भिंतीक द्या, ऐसे शांतपणे म्हणाल्या. त्यावर लवूंची शुद्ध भाषा गळोन पडली. "वयनी, पत्रो माझ्या पैशाचो. मी तो खंयय लायन. दादान मागूक होयो." यशोदाबाईंनी वळोन बाबलींकडे पाहिले. बाबली जाळ्याची गाठ सोडवीत होते, ती गाठ त्यांस त्या दिवशी फार अवघड गेली.

मग मृग लागला. झड आली, आणि झडीस त्या नव्या निळ्या तटबंदीत एकच खिंड सापडली, आणि पूर्वी जे पाणी अवघ्या भिंतीत वाटोन जात असे ते सर्व त्या खिंडीतून आत शिरू लागले. माजघरी गणपतीचे जागेवर उभा काळा ओघळ उमटला, तो आषाढात हातभर रुंद जाहला. इकडे खुराड्यात कोंबड्या कोरड्या, तेजस्वी आणि दररोज अंडी देणाऱ्या. इतका खर्च, इतकी मसलत, इतका घाम, आणि अवघ्या घराण्यात सुखी काय ते कोंबड्या, हे पाहोन या लेखकासही शरम वाटली, मग घरच्यांस का वाटू नये? परंतु वाटली नाही. पुरुषांची शरम फार खोल असते, ती बाहेर काढावयास वेगळी आउते लागतात.

ती यशोदाबाईंनी काढिली. गणपतीची मूर्ती घडविण्यास आपला लाकडी पाट आगाऊ गणपतीचे शाळेत पोचवावा लागतो. यशोदाबाई नागपंचमीपूर्वी पाट घेऊन गेल्या आणि मूर्तिकारास, चार गिऱ्हाइके बसली असता, मोठ्याने सांगितले की यंदा मूर्ती बेताची घडवा, खुराड्याचे दारातून आत गेली पाहिजे. मूर्तिकाराने दोन वेळा विचारिले. त्यांणी दोन्ही वेळा तेच सांगितले. मग त्या घरी आल्या, झाडू घेतला, किशोरीबाईंच्या कोंबड्या हाकलल्या, खुराडे झाडिले, आतल्या फळ्यांस गेरू दिला, गणपतीचे डोईवर टांगावयाची माटवी आणोन खुराड्याचे आढ्यास बांधिली, आणि कुंचला बुडवोन वेल काढावयास बसल्या. कोंबड्या बेघर होऊन लवूंचे ओट्यावर गेल्या, आणि एक लाल कोंबडी लवूंचे आरामखुर्चीवर बसली ती उठेना.

बंधू धावोन आले. बाबली म्हणाले, "अगो, ह्यां काय मांडलंस?" त्यावर यशोदाबाईंनी कुंचला न थांबविता जे फर्मान काढिले ते शब्दशः असे, "पत्रो जंय आसा, थंय देव बसतलो. कोंबड्यो सुक्यो ऱ्हवतत आणि गणपती भिजता, ह्यां माका चलाचां नाय." बाबलींनी विनविले की भजनी मंडळ येते, ते खुराड्यात बसतला खंय? उत्तर आले, "वाकान बसतले. देवाक चलला तर मंडळाक कित्याक चलाचां नाय?" लवूंनी काही नियम सांगण्यास तोंड उघडिले, परंतु आरामखुर्चीवरून कोंबडी ओरडली, आणि त्यांणी ते मिटले.

इतक्यात गणपतीशाळेतील चार गिऱ्हाइकांनी आपले काम केले होते. संध्याकाळी वाडीतील माणसे एकेक करोन सहज म्हणोन येऊ लागली. कोणी विचारी, आरतीस येताना कोंबड्यांस दाणे आणावे की कसे? कोणी विचारी, नैवेद्य मोदकांचा की अंड्यांचा? मुंबईहून निकेत यांचा फोन आला की हे खरे काय, कारण तेथील वाडीकरांचे मंडळात ती गोष्ट त्यांजआधी पोचली होती. बाबली जन्मात वादळास डरले नाहीत, ते ओट्यावरून उठोन आत गेले. लवूंनी दिवा घालविला. यशोदाबाई कंदील लावोन खुराड्यात वेल पुरा करीत होत्या, आणि त्यांचे डोळ्यांत पाणी होते, परंतु वेलीचे एकही पान वाकडे पडले नाही.

दुसरे दिवशी पहाटे, पाऊस पडत असता, बाबली कुंपणापाशी जाऊन उभे राहिले आणि समुद्राकडे पाहत म्हणाले, "लवू, पत्रो दी रे." मागणे ते मागणेच, मग तोंड कोणीकडे का असेना. लवू आतून स्क्रू काढावयाचा पाना घेऊनच आले. तो पाना रात्रीच काढोन ठेविला होता असे दिसते. मग दोघांनी खुराड्याचा पत्रा उतरविला आणि भिजत भिंतीस नेला. वळचणीपर्यंत बाबलींचे लांब हात पोचले, आणि दोन पत्र्यांमधील अरुंद जागेत लवूंचे आखूड हात शिरले, आणि काम एका घटकेत जाहले. दोघेही एकमेकांचे हातांकडे पाहत राहिले. आपली भिंत का फुगली हे बाबलींस त्या वेळी उमगले असावे, कारण ते एकदम हसले, आणि मग लवूही हसले.

मग तह जाहला, तो येणेप्रमाणे, की पत्र्याचे बदल्यात चतुर्थीचा शिवराक, म्हणजे मासळीविना दिवस, संपल्यावर बाबलींनी एक मोठी इसवण, म्हणजे सुरमई, लवूंचे घरी पोचवावी; कोंबड्यांस दुसरे निळे प्लास्टिक द्यावे; लवूंनी आपला टेबल पंखा माजघरी भिंतीपुढे रात्रंदिवस चालवावा आणि बील निमे निमे भरावे; आणि वावाचा विषय उभयपक्षी पुन्हा काढू नये.

भिंत श्रावणात सुकली. यशोदाबाईंनी तिजवर हात फिरविला, मग गाल लावोन पाहिला, आणि माजघराचे दार लावोन कामास बसल्या. उघडिले ते चतुर्थीचे आदले दिवशी. मध्ये वेल, मोर, कमळे, सर्व यथास्थित. परंतु गणपतीचे दोहों बाजूंस दोन द्वारपाल होते. त्यांचे हाती भाला नाही, गदा नाही. दोघेही भिंतीस छाती लावोन, दोन्ही हात फाकवोन उभे. एकाचे हात वेलीपलीकडे खिडकीपर्यंत गेलेले, दुसऱ्याचे कमळापाशीच संपलेले. खाली एक लाल कोंबडी.

आरतीस आलेले मंडळ टाळ धरोन उभे राहिले आणि हसू आवरण्याचे नादात बराच वेळ कोणास आरती म्हणता येईना. लवू तिसरे दिवशी आत येऊन हलक्या आवाजात म्हणाले, वयनी, गणपती गेले की तेवढे दोन पुतळे पुसून टाका. बाबलींनीही मान हलविली. बंधूंचे हे दुसरे एकमत. यशोदाबाई मोदकाची पारी वळीत म्हणाल्या, "पुसूक कित्याक होया? दरवर्षी ओल इली की आपसूक जाता."

गणपती गेले. दसरा गेला, दिवाळी गेली, समुद्रावरील वादळाचा पाऊस येऊन पत्र्यांवर डोके आपटोन माघारा गेला. ओल आली नाही. येणेप्रमाणे पश्चिम भिंतीची मोहीम फत्ते जाहली. भिंत सुकी, द्वारपाल कायम, आणि उभय बंधू रोज त्यांजखालून आपापल्या चुलीकडे जेवावयास जातात. हे पाहिले तैसे लिहिले. यशोदाबाईंनी या लेखकास काल चहा दिला, तो उत्तम होता.